दोन फिती

मुलाचा फोटो रागिणीच्या मोबाईलवर आला, तेव्हा खुशालराव झेंडूच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. पोत्यातली वरची फुलं बघायची नसतात. तळातलं मूठभर काढून देठ बघायचा असतो. पाणी मारलं की कालचं फूलही आजचं दिसतं, पण देठाला तसं करता येत नाही. तिवस्याच्या अलीकडे स्वतःचा मळा आणि अमरावतीत फुलांचं दुकान, अशा दोन्ही टोकांना आयुष्य गेल्यामुळे खुशालरावांनी हा नियम हळूहळू सगळ्या जगालाच लावला होता. दूधवाला, डॉक्टर, हवामानाचा अंदाज, कोणीही सुटत नसे. जावई सुटण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी हात पुसून मोबाईल घेतला. फोटोत एक दाढीवाला तरुण पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यांवर काळ्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवर सोनेरी फिती.

"हा तं बँडवाला आहे," खुशालराव म्हणाले.

लग्नांना फुलं पुरवताना त्यांनी असे शेकडो पोशाख पाहिले होते. खांद्यावर सोनेरी काही चमकलं की मागून क्लॅरिनेट वाजणार, हा त्यांचा अनुभव होता.

"बाबा, नेव्ही आहे ते," रागिणी म्हणाली. "लेफ्टनंट आहे तो."

रागिणी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. स्थळ अकोल्याचं होतं. जठारपेठेतल्या पंजाबरावांचा मुलगा, नाव कुंदन. दोन्ही घरांच्या ओळखीच्या एका बाईंनी सुचवलं होतं आणि मुलामुलीचं फोनवर बोलणं झालं होतं. ते इतकं चांगलं झालं होतं की रागिणी हल्ली कॉलेजातून आल्यावर स्वतःहून भांडी घासायला घेई. तिच्या आईला, मैनाबाईंना, एवढ्यावरून सगळं कळलं होतं. कुंदन जहाजावरून सुट्टीवर येणार, त्या रविवारी साखरपुडा होणार आणि तो लगेच परत जाणार, असं ठरत आलं होतं. तो रविवार चुकला तर पुढची सुट्टी कधी, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

"लेफ्टनंट म्हणजे काय, हे आपल्याले कोण सांगन?" खुशालराव म्हणाले आणि स्वतःच उत्तर दिलं, "सुभेदार."

सुभेदार म्हणजे त्यांचे चुलतभाऊ मोतीराम. पायदळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आता कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये पहारेकऱ्यांवर देखरेख करायचे आणि रोज संध्याकाळी खुशालरावांकडे चहाला यायचे. गल्लीत लहानथोर त्यांना सुभेदारच म्हणत. खुशालरावांच्या बैठकीत त्यांचा वर्दीतला उभा फोटो टांगलेला होता. त्यांची आई, खुशालरावांची म्हातारी काकू, वारली तेव्हा तिच्या ट्रंकेत त्यांच्या फौजेतल्या शेवटच्या दिवशीचा एक छोटा फोटो सापडला होता, तो खुशालरावांनी हौसेनं मोठा करून आणला. सुभेदारांनी तो पाहिला तेव्हा "एवढा मोठा कशाले केला" इतकंच म्हणाले होते. हा त्यांचा साधेपणा, असं घरात ठरलं. फोटोच्या बरोबर खाली सुभेदारांची खुर्ची होती. ते भिंतीला पाठ करून बसत, त्यामुळे त्यांना स्वतःला तो फोटो कधी दिसत नसे.

त्या संध्याकाळी सुभेदारांनी मोबाईल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा पुसला.

"दाढी आहे," ते म्हणाले.

"नेव्हीत परवानगी घेऊन ठेवता येते, काका."

"फौजेत दाढी सरदारजीची. हा पाटलाचा पोरगा आहे." त्यांनी पुढचा फोटो सरकवला. त्यात कुंदन सॅल्यूट करत होता. सुभेदार खुर्चीतून उठले, टाच जुळवली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. पंजा समोरच्याला पूर्ण दिसत होता. "हा सॅल्यूट. हात मोकळा, समोरच्याले दाखवाचा, का पाहा बाप्पा, माह्या हातात काही नाही. अन हा पोट्टा पाहा. तळहात खाली. हात लपवून राहिला."

खुशालरावांनी रागिणीकडे पाहिलं. "काहून लपवून राहिला?"

"नेव्हीचा सॅल्यूट तसाच असते, बाबा."

"फौज फौजच असते, पोरी," सुभेदार म्हणाले. मग त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि खांद्यावर आणला. आता त्यांचा आवाज खाली आला. डॉक्टर एक्स-रे बघताना जसे शांत होतात, तसे ते झाले. "खुशाल, इकडं ये. काय दिसून राहिलं?"

"सोनेरी पट्ट्या."

"किती?"

"दोन."

"ऑफिसराच्या खांद्यावर तारे असते. लेफ्टनंटचे दोन तारे, कॅप्टनचे तीन. हे तारे हायेत का? फिती हायेत. फीत कोणाले असते? जवानातून वर चढलेल्याले. एक फीत लान्स नाईक. दोन फिती नाईक. तीन फिती हवालदार. अन तेही दंडावर. यानं खांद्यावर लावल्या, म्हणजे लोकाईले वाटाव ऑफिसर आहे."

हा धडा सुभेदारांनी इतका नीट दिला की घरातल्या प्रत्येकाला पाठ झाला. मैनाबाई दारात लसूण सोलत उभ्या होत्या, त्यांनाही.

खुशालरावांना आत कुठेतरी बरं वाटलं. देठ सापडला होता.

दुसऱ्या दिवशी रागिणीनं तिन्ही दलांच्या हुद्द्यांचा तक्ता मोबाईलवर काढून दोघांपुढे धरला. तीन उभे रकाने होते: आर्मी, नेव्ही, एअर फोर्स. एका ओळीत आर्मीचा कॅप्टन, नेव्हीचा लेफ्टनंट आणि एअर फोर्सचा फ्लाइट लेफ्टनंट होते. "हे तिघं बरोबरीचे," ती म्हणाली. "नेव्हीत ऑफिसरलाच फिती असतात. दोन फिती म्हणजे लेफ्टनंट. तुम्ही आर्मीच्या मापानं नेव्ही मोजून राहिले, काका."

सुभेदारांनी तक्ता वाचला. त्यांची सगळी नोकरी वाळवंटात आणि डोंगरात गेली होती. समुद्र त्यांनी फक्त एकदा, सहलीला गेले असताना पाहिला होता. पण ज्याला तीस वर्षं लोक फौजेबद्दल विचारतात, त्याला 'हे मला ठाऊक नाही' असं म्हणायची सवय राहत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "हा कॅप्टनच्या बरोबरीचा आहे ना? मंग सोताले कॅप्टन काहून नाही म्हणत? मोठं नाव भेटून राहिलं, तं लहान कोण घेते?"

खुशालरावांना हा मुद्दा एकदम पटला. पहिल्या नंबरच्या मालावर दुसऱ्या नंबरची चिठ्ठी लावणारा दुकानदार त्यांनी अख्ख्या बाजारात पाहिला नव्हता.

"कारण नेव्हीतला कॅप्टन हा आर्मीतल्या कर्नलच्या बरोबर असतो," रागिणी म्हणाली.

"थांब," खुशालरावांनी बोटांवर मोजायला घेतलं. "म्हणजे या नेव्हीवाल्यायचा लेफ्टनंट तो आपला कॅप्टन. यायचा कॅप्टन तो आपला कर्नल. मंग यायचा कर्नल कोण?"

"नेव्हीत कर्नल नसतोच."

सुभेदारांनी खुशालरावांकडे पाहिलं. ज्या फौजेत कर्नलच नाही, तिच्याबद्दल आता आणखी काय बोलायचं, असा तो कटाक्ष होता.

त्याच आठवड्यात पेपरात एका तोतया अधिकाऱ्याची बातमी आली. कुठल्याशा दूरच्या शहरात एकानं वर्दी शिवून घेऊन तीन घरांशी सोयरीक ठरवली होती. खुशालरावांनी ती बातमी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावली. रागिणीनं कुंदनला फोन लावला, तर तो लागेना. जहाज समुद्रात होतं. समुद्रात रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं. खुशालरावांनी मात्र फोन न लागणं हे पुराव्यात धरलं.

"मी जातो अकोल्याले," सुभेदार म्हणाले. "टेहळणी करून येतो."

ते सकाळच्या एसटीनं गेले आणि जठारपेठेत पंजाबरावांच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. आपली ओळख लपवायची म्हणून त्यांनी नाव शेषराव सांगितलं आणि भाड्याची खोली बघायला आलो असं म्हणाले. मग टपरीवाल्याला विचारलं की समोरचा पोरगा जहाजावर आहे म्हणतात, ते जहाज कोणतं? सध्या कुठल्या बंदरात आहे? परत कधी निघतं?

आता कुंदननं घरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. जहाजाचं नाव, ते कुठे आहे, कधी निघणार, हे कोणालाही सांगायचं नाही, आणि कोणी अनोळखी माणूस विचारू लागला तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. टपरीवाल्यानं दूध उकळेपर्यंत गेटात जाऊन पंजाबरावांच्या कानावर घातलं. पंजाबराव उंचेपुरे, काळ्या मातीत कपाशी-तूर काढणारे शेतकरी. ते सावकाश रस्ता ओलांडून आले.

"उन्हात काहून बसले, शेषरावजी? घरात या."

सुभेदारांना वाटलं, शत्रूनं स्वतःच दार उघडलं. पंजाबरावांना वाटलं, हेर आपणहून आत आला. दोघंही खूश होऊन घरात शिरले.

"पोरगा काय करते?" सुभेदारांनी विचारलं.

"नोकरीले आहे."

"कुठी?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"लांब."

"जहाजाचं नाव काय म्हणाले तुमी?"

"जहाज आहे," पंजाबराव म्हणाले. "मोठं आहे."

कुंदनची आई जयवंताबाई चहा आणि टोस्ट घेऊन आल्या. त्यांनी मोबाईलवर काही शोधतेय असं दाखवून पाहुण्याचा फोटो काढला. त्यात सुभेदार टोस्ट चहात बुडवत होते आणि अर्धा टोस्ट कपात पडला होता. तो फोटो त्यांनी मुलाला पाठवून दिला. म्हणजे जहाज किनाऱ्याला लागलं की त्याला मिळणार होता. नंतर पंजाबरावांनी पाहुण्याला एसटी स्टँडपर्यंत स्वतः सोडलं. एसटी खरोखर सुटेपर्यंत ते फलाटावर उभे राहिले.

"आदरातिथ्य चांगलं आहे," सुभेदारांनी परत येऊन अहवाल दिला, "पण माय-बापाले पोराच्या जहाजाचं नाव सांगता येत नाही, खुशाल. घरात गाय असली तं तिचं बी नाव असते. अन मले एसटीत बसवून दिल्याशिवाय तो माणूस हलला नाही. मी अजून कोणाले विचारीन म्हणून भेला."

खुशालरावांनी त्या रात्री जेवताना सांगून टाकलं की साखरपुडा रद्द. रागिणीनं ताट पुढे सरकवलं. ती रडली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पोतं न उघडताच परत करून राहिले. देठ तर पाहा."

हे वाक्य तिनं त्यांच्याच भाषेत टाकल्यामुळे खुशालरावांनी नको असताना पुन्हा वरण वाढून घेतलं. मैनाबाई म्हणाल्या, "येऊ तं द्या त्यायले. पायऱ्यावरून तं कोणाले हाकलत नाही आपण."

शेवटी परीक्षेचा उपाय सुभेदारांनीच काढला. त्यांचं म्हणणं असं होतं की सॅल्यूटचा हात कसाही असो, एक नियम तिन्ही फौजांत सारखाच असतो: लहान्यानं मोठ्याला पहिला सॅल्यूट करायचा. "मी फौजेतली बेरे टोपी घालून उभा राहीन," ते म्हणाले. "तो खरा ऑफिसर असला तं तो माह्या सॅल्यूटची वाट पाहीन. नाईक असला तं सुभेदार पाहून हात आपोआप वर जाते. सवय आहे ती, झोपेत बी जाते. फक्त त्याचं डोकं उघडं नसाव. उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नसते."

डोक्याचा प्रश्न सोपा होता. सोयरिकीला आलेल्या प्रत्येक पुरुषाला टिळा लावून टोपी आणि दुपट्टा द्यायचा रिवाज होताच. आधी टोपी, मग परीक्षा, असा क्रम ठरला. रागिणीलाही यात नियमाची चूक काढता आली नाही. नियम खरोखर तिन्ही दलांत एक होता. तिनं तो तक्त्याखालीच वाचला होता. तिला फक्त एवढंच वाटत राहिलं की या प्रयोगात माणूस धरलेला नाही.

रविवारी सकाळी मैनाबाईंनी बैठक झाडली, फोटोच्या काचेवरून ओलं फडकं फिरवलं, आणि दाराला झेंडूचं तोरण लावलं. खुशालरावांनी तोरणातली फुलं उलटी करून तपासली, घरचीच होती तरी.

अकोल्याची मंडळी अकराच्या सुमारास आली. पंजाबराव पहिलं पाऊल आत टाकून थबकले. समोर हिरवी बेरे घालून, छाती काढून, शेषराव उभे होते.

"तुमाले खोली भेटली का?" पंजाबरावांनी विचारलं.

सुभेदारांनी उत्तर दिलं नाही. परीक्षेच्या वेळी ते बोलणार नव्हते. जयवंताबाईंनी नवऱ्याच्या बाहीला धरून हळूच विचारलं की हे टोस्टवाले इथं कसे? पंजाबराव म्हणाले, गप, कुंदन आला की पाहू. तेही आता भिंतीला टेकून बसले, दाराजवळ, म्हणजे निघायला सोपं. खुशालरावांनी ते पाहिलं. दाराजवळ बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं त्यांना वाटलं. एका खोलीत दोन्ही बाजू एकमेकांना पोहे वाढत होत्या आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या चमच्यांवर लक्ष ठेवून होत्या.

गाडी लावून कुंदन मागून आला. साधा निळा शर्ट, दाढी नीट कापलेली. वर्दी घातली नव्हती, याचीही खुशालरावांनी मनात नोंद केली. त्यांनी त्याला टिळा लावला, खांद्यावर दुपट्टा घातला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. टोपी थोडी मोठी होती, ती कानांवर आली.

होणारा जावई घरात आला की घरातले पुरुष त्याचे कपडे बघतात. आई त्याचे डोळे बघते. मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून कुंदनचे डोळे बघत होत्या. ते आधी बसलेल्या माणसांवरून फिरले, मग भिंतीवर गेले, मग त्या मोठ्या फोटोवर, आणि तिथं एका जागी थांबले. फक्त एक क्षण. फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे, दंडावर. मग ते खाली आले, फोटोखालच्या बेरेवाल्या माणसावर.

मैनाबाईंनीही फोटोच्या दंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं रोज पाहिलेला दंड. सकाळीच पुसलेल्या काचेमागे तो अगदी स्वच्छ दिसत होता.

"हे आमचे सुभेदार," खुशालराव म्हणाले आणि श्वास रोखून बाजूला झाले. "रागिणीचे काका."

कुंदननं कानांवर आलेली टोपी सरळ केली. टाच जुळवली. आणि तळहात खाली ठेवून, बैठकीच्या मधोमध, चमचे थांबतील असा कडक सॅल्यूट केला.

"जय हिंद, सुभेदार साहेब."

सुभेदारांचा हात आपोआप वर गेला. खाली यायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

खुशालरावांनी त्यांना तसंच दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं रागिणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मैनाबाई आधीच आत येऊन गॅसपाशी होत्या.

"सांग," खुशालराव म्हणाले.

सुभेदारांचे डोळे ओले झाल्यासारखे दिसत होते, पण नियम तो नियम. "पयले त्यानं केला," ते पुटपुटले. "पयले लहाना करते. आता मी काय सांगू? नाईकच दिसते."

रागिणीनं ट्रे ओट्यावर टेकवला. खुशालराव दाराकडे वळले. दोन पावलांवर साखरपुडा मोडणार होता.

"भाऊजी, एक विचारू?" मैनाबाई म्हणाल्या. त्या साखर मोजत होत्या, मान वर केली नाही. "दोन फिती म्हणजे नाईकच ना?"

"शंभर टक्के."

"दंडावर?"

"दंडावरच."

"अन सुभेदाराच्या दंडावर किती असते?"

"सुभेदाराच्या दंडावर फीत नसतेच, वहिनी. त्याचं सगळं खांद्यावर असते. तारे अन..." सुभेदार बोलता बोलता मंदावले.

"नाही, आज सकायी बैठकीतल्या फोटोची काच पुसून राहिली होती," मैनाबाई म्हणाल्या, "म्हणून विचारलं."

कुकरची शिट्टी झाली. सुभेदारांनी माठातून पाणी घेतलं आणि पूर्ण ग्लास एका दमात प्यायले. नंतर आणखी अर्धा घेतला.

"फोटोचं काय?" खुशालरावांनी विचारलं. दाराच्या चौकटीत उभे राहून ते आळीपाळीनं दोघांकडे बघत होते.

"काही नाही, खिळा ढिला झाला आहे," मैनाबाई म्हणाल्या.

सुभेदारांनी तोंड पुसलं, बेरे सारखी केली. "खुशाल, तुनं त्याचा हात पाहिला का? तळहात खाली. एकदम सरळ. आर्मीतल्या नाइकाले असा सॅल्यूट दहा वर्षं शिकवला तरी जमनार नाही. पोरगा पक्का नेव्हीचा आहे. ऑफिसर आहे."

"पण आता तं तू म्हणत होता, पयले त्यानं केला..."

"तो ड्यूटीचा नियम. हा मानपानाचा सॅल्यूट होता. तुह्या घरात, तुह्या टोपीखाली, तुह्या पाहुण्यानं केला. मानपानात मोठाच पयले वाकते. एवढं बी कळत नाही तुले?"

"काल तं हे सांगितलं नाही."

"काल तुनं विचारलं नाही."

खुशालरावांना यातलं काहीही पटलं नव्हतं. इतक्या झटकन भाव बदलणारा व्यापारी त्यांनी कधी सोडला नसता. पण सुभेदारांच्या शब्दावर सगळं मोडायला निघालेल्या माणसाला सुभेदारांच्याच शब्दावर ते जोडावं लागलं. रागिणी एव्हाना ट्रे घेऊन बाहेर गेलीही होती.

बाहेर पंजाबरावांनी शेषरावांचा विषय काढलाच. कुंदनच्या मोबाईलवर तो टोस्टचा फोटो होता आणि जयवंताबाई तो सगळ्यांना दाखवत होत्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. खुशालरावांनी सांगून टाकलं की यांना आम्हीच चौकशीला पाठवलं होतं, पोरीचा बाप आहे, शंका येते.

पंजाबरावांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. ते दाराजवळून उठून मध्ये येऊन बसले. "म्हणजे चौकशीच होती ना? मले वाटलं परदेशी हेर आहे. अन बरं केलं. आमी बी तिवस्याले माणूस धाडला होता, तुमचा मळा खरंच तुमचा आहे का पाहाले."

"लाल पागोट्याचा?" खुशालरावांनी विचारलं. "झेंडूचं बी कुठून आणता म्हणून विचारत होता. मी त्याले खोटंच सांगितलं."

"त्यानं बी खोटंच नाव सांगितलं असन," पंजाबराव म्हणाले. त्यानंतर दोघांचं जे जमलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

साखरपुडा झाला. रागिणीच्या बोटात अंगठी आली. निघताना कुंदन चपला घालायला बैठकीच्या दारात थांबला, तेव्हा मैनाबाई त्याच्याजवळ आल्या. फोटोकडे न बघता त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमाले दिसलं होतं ना, बापू? सॅल्यूट कराच्या आंधी?"

कुंदननं फोटोकडे पाहिलं. "उभं राहायची पद्धत काय सुंदर आहे," तो म्हणाला. "एवढं सरळ आम्हाला अजून जमत नाही." आणि बाहेर पडला.

फाटकापाशी सुभेदार उभे होते. कुंदन जवळ येण्याआधीच त्यांनी टाच जुळवली आणि हात वर केला. यावेळी आधी त्यांनी केला, आणि कुंदनला तो स्वीकारावा लागला.

"येतो, सुभेदार साहेब."

हे खुशालरावांनी ओसरीवरून पाहिलं. सकाळी तो लहान होता, आता हा लहान झाला. दिवसभरात कोणाचीही बढती झाल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बैठकीत आलंय. ते लांब दोरा बांधून फोटोच्या खिळ्यालाच अडकवलं होतं, थोडं तिरकं, सुभेदारांचा अर्धा फोटो झाकला जाईल असं. चेहरा दिसत होता, टोपी दिसत होती. दंड दिसत नव्हता. भिंतीवर बाकी सगळीकडे जागा रिकामी होती.

घरातली वस्तू विनाकारण हलत नाही, हे खुशालरावांना ठाऊक होतं. त्यांनी आत कानोसा घेतला. मैनाबाई भाकऱ्या थापत होत्या. ते खुर्चीवर चढले. कॅलेंडर एका बोटानं उचललं. मागची भिंत पाहिली, ओल नव्हती. मग फोटो पाहिला. सुभेदारांनीच शिकवल्याप्रमाणे आधी खांदा पाहिला, मग दंड. दोन फिती. बोट लावून त्यांनी त्या पुन्हा मोजल्या.

रिटायर होऊन मोतीराम गावी उतरला होता, त्या दिवशीचा हार खुशालरावांनीच ओवला होता. आणि गर्दीत "सुभेदार आले, सुभेदार आले" असं पहिल्यांदा कोण ओरडलं होतं, हेही त्यांना आता आठवलं. फुलांची टोपली डोक्यावर घेऊन ते स्वतःच ओरडले होते. त्यांना तेव्हा तेवढा एकच हुद्दा माहीत होता.

त्यांनी कॅलेंडर सोडलं. ते पुन्हा दंडावर येऊन बसलं. खिळा खरंच ढिला होता का हे हलवून पाहिलं. नव्हता. तरी त्यांनी वरवंट्यानं त्यावर दोन ठोके घातले आणि खुर्चीवरून उतरले.

"काय ठोकून राहिले?" आतून मैनाबाईंनी विचारलं.

"काही नाही," खुशालराव म्हणाले. "चहा टाक. सुभेदार यायची येळ झाली."